चिपळूणला रिनोव्हेट केलेलं जुनं घर घेताय? आधी हे बघा

कौलारू घर नवं करून विकायला काढलंय, फोटो मस्त आहेत, तरी टोकन लगेच देऊ नका, आधी पावसाळ्यात एकदा जाऊन या. ताजा रंग ओल झाकतो, म्हणून कपाटं पुढे ओढून मागच्या जांभ्याच्या भिंतीला हात लावा, गार दमट लागलं आणि नखाने पोपडा निघाला तर समजा पाणी जोत्यातून वर चढतंय. छताचे वासे, रिपा (कौलांखालच्या पट्ट्या), चौकटी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, सहज आत गेला की वाळवी किंवा कुजलेलं लाकूड. शेजाऱ्यांना नक्की विचारा, २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी या घरात कुठवर आलं होतं. वायरिंग जुनीच ठेवून वर फक्त नवे स्विच लावलेत का ते वायरमनला दाखवा.

जुनी मोझेक फरशी शाबूत असेल तर प्लीज काढू नका, पॉलिश करून घ्या, काय सुंदर दिसते!

कागदांत घाई नकोच. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) बऱ्याचदा अजून विकणाऱ्याच्या आजोबांचंच नाव असतं आणि मुंबई-पुण्याच्या आत्या, काका सगळेच वारस निघतात, त्यामुळे वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च (आधीच्या व्यवहारांच्या नोंदींची तपासणी) काढा, सगळ्यांच्या सह्या असतील तरच साठेखत (विक्रीचा करार) करा.