माऊंटन बाईक घेऊन जंगलात जाताय? मग या चुका टाळा

बरीच वर्षं झाली, मी नवीन लोकांना बरोबर घेऊन जंगलातल्या ट्रेलवर आणि गावाबाहेरच्या टेकड्यांवर सायकल चालवतोय. दर वेळी पहिल्या अर्ध्या तासात थांबावं लागतं आणि कारणं तीच, ठरलेली. खरंच कंटाळा आलाय तेच तेच सांगून, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. यातल्या निम्म्या चुका घरीच, निघायच्या आधी झालेल्या असतात. नवीन माणसाला हेच पटत नाही, त्याला वाटतं चूक म्हणजे ट्रेलवर पडणं. अरे, पडतो ते नंतर, चूक आदल्या रात्रीच झालेली असते.

टायरमध्ये दगडासारखी हवा

ही माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक. रोडवरून आलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की टायर जितका टाईट तितकी सायकल फास्ट. गुळगुळीत डांबरावर ते काही प्रमाणात ठीक आहे. पण मुळं, खडी, दगड असलेल्या वाटेवर टाईट टायर प्रत्येक दगडावरून उडतो, म्हणजे तुमची ताकद पुढे जाण्याऐवजी तुम्हालाच वर उचलण्यात जाते, आणि उडालेला टायर जमिनीला टेकलेला नसतो त्यामुळे ग्रिप शून्य. थोडा मऊ टायर दगडाला आपल्या पोटात घेतो आणि पुढे सरकतो, म्हणून तो अशा वाटेवर पळतोही जास्त आणि धरतोही जास्त. टायरच्या कडेवर जो आकडा छापलेला असतो ना, तो कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरा असा त्याचा अर्थ नाही! लोक तोच वाचून पंप मारत बसतात.

एक प्रसंग सांगतो, कारण त्यानंतरच मी याबाबतीत कडक झालो. रात्रभर पाऊस पडून गेलेला, सकाळी आम्ही सहाजण जंगलात शिरलो. एक मुलगा नवीन होता, तब्येतीने दणकट, रोडवर भरपूर चालवलेली. निघताना मी त्याचा टायर दाबून बघितला तर अंगठा आतच जाईना. विचारलं तर म्हणाला पंचेचाळीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलीय. म्हटलं कमी कर, तर म्हणाला पुढच्या थांब्यावर करू, सगळे निघालेत. आणि मीही सोडून दिलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. दोनेक किलोमीटरवर साधा उतार होता, वाटेला तिरकं आडवं गेलेलं एक मूळ, साल निघून गेलेलं, ओलं, साबणासारखं चकचकीत. आम्ही पाचजण त्याच्यावरून गेलो. त्याचं पुढचं चाक मुळाला लागलं आणि मुळाच्याच दिशेने सरळ घसरत गेलं. हात पुढे काढायलाही वेळ मिळाला नाही, खांद्यावर पडला आणि कॉलरबोन गेलं. गाडी येईल अशा रस्त्यापर्यंत चार किलोमीटर पायी. पंक्चरसाठी बॅगेत ठेवलेली स्पेअर ट्यूब कापली, गळ्यात अडकवून त्याची झोळी केली आणि त्यात हात ठेवून तो चालत आला. दर दगडावर थांबत होता आणि "सॉरी दादा" म्हणत होता. मला ते ऐकवत नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम आहे, निघायच्या आधी प्रत्येक सायकलला मी स्वतः गेज (हवेचा दाब मोजायचं यंत्र) लावतो. लोक वैतागतात, वैतागू देत. अंगठ्याने दाबून अंदाज घेणं हा प्रकार बंद करा, बावीस आणि अठ्ठावीस यातला फरक अंगठ्याला कळत नाही पण ओल्या मुळावर शंभर टक्के कळतो. मोठ्या पंपावरचा काटाही एवढ्या कमी प्रेशरला नेमका नसतो, त्यामुळे छोटा वेगळा डिजिटल गेज घ्या. नवीन हँडल, नवीन पेडल घ्यायच्या आधी तो घ्या.

आकडे हवेत ना? वजन 70 ते 75 किलो, टायर 2.3 ते 2.4 इंच आणि ट्यूबलेस असेल तर मी पुढे 21-22 पीएसआय आणि मागे 24-25 ने सुरुवात करायला सांगतो. ट्यूब असेल तर चार-पाच जास्त. मागे नेहमी थोडी जास्त, कारण बहुतेक वजन तिकडे असतं. मग दर राईडला एक-एक पीएसआय कमी करत जा. रिम दगडावर टण्णकन आपटल्याचा आवाज आला किंवा वळणावर टायर खालून लोळतोय असं वाटलं की दोन वाढवा, तो तुमचा आकडा. कुठेतरी लिहून ठेवा. आणि हवा गरम खोलीत भरून थंडगार पहाटे बाहेर पडलात तर दहा अंशांच्या फरकाला साधारण एक पीएसआय उतरतो, तेही लक्षात असू द्या.

याच्या उलट टोक म्हणजे कुणीतरी सांगितलं म्हणून ट्यूब असलेल्या टायरमध्ये पंधरावर आणणारे. दगड लागला की ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते, आणि बाहेर काढून बघितली तर साप चावल्यासारखी शेजारीशेजारी दोन भोकं. तशी दोन भोकं दिसली की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढाच त्याचा अर्थ. ट्यूबलेसवाल्यांनो, आतलं सीलंट (भोक पडलं तर आतून बुजवणारं द्रव) दोन ते सहा महिन्यांत वाळतं. चाक कानाजवळ धरून हलवा, चुळूक आवाज आला नाही तर आज टाका.

ब्रेक घासत उतरणं

दुसरी माझी आवडती, म्हणजे नावडती चूक. नवीन माणूस उतारावर ब्रेक हलकेच दाबतो आणि खालपर्यंत तसाच दाबून ठेवतो. त्याला वाटतं आपण सेफ आहोत. पण सतत घासल्याने रोटर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती), तिला चिमटणारे पॅड, आतलं तेल सगळं तापत जातं आणि गार व्हायला क्षणभरही मिळत नाही, आणि जिथे खरी गरज असते त्या शेवटच्या वळणावर लिव्हर लोण्यासारखा आत जातो. या खेळाचा जन्मच तापलेल्या ब्रेकबरोबर झालाय. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीमध्ये 1976 साली काही मंडळींनी जुन्या जाड टायरच्या सायकलींची उतारावरची शर्यत सुरू केली, तिचं नाव रिपॅक. त्या सायकलींना उलटं पेडल मारून लागणारा हबमधला (चाकाच्या मधोमध असलेल्या भागातला) ब्रेक असायचा, एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन निघून जायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणजेच रिपॅक करावं लागायचं. आज आपल्याकडे हायड्रॉलिक डिस्क आहेत, पण उष्णता तीच आहे.

मी असं करतो: सरळ आणि घट्ट जमीन दिसली की तिथे जोरात पण थोडाच वेळ ब्रेक, मग पूर्ण सोडायचा, चाकं फिरू द्यायची. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात बोट लिव्हरवर नुसतं ठेवलेलं. मुळावर, ओल्या दगडावर ब्रेक नाही म्हणजे नाही. मूळ तिरकं असेल तर हँडल थोडं वळवून ते शक्य तितकं काटकोनात ओलांडा.

आणि पुढच्या ब्रेकची भीती घालवा. "पुढचा दाबला की डोक्यावरून जातो" हे लहानपणी कुणीतरी भरवलेलं असतं. ब्रेक लावल्यावर सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवायची खरी ताकद पुढेच असते. मागचं हलकं झालेलं चाक फक्त लॉक होतं आणि घसरतं. डोक्यावरून जातो तो चार बोटांनी एकदम खेचणारा, आणि हात सरळ ताठ ठेवून उभा असलेला. एकच बोट वापरा, लिव्हर हँडलवर आत सरकवा म्हणजे बोट त्याच्या टोकावर येईल, गुडघे वाकवा, टाचा खाली दाबा. सपाट गवतावर वीस-पंचवीस वेळा करून बघा. कुणी करत नाही हो हे! सगळ्यांना पहिल्याच दिवशी मोठ्या उतारावर जायचंय, व्हिडिओ काढायचाय.

मागचं चाक घसरवत जाणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. त्या घसरण्याने वाटेवर एक चर पडतो, पुढच्या पावसात पाणी त्याच चरातून वाहतं, माती घेऊन जातं, आणि दोन-तीन पावसांत चांगल्या वाटेचा ओढा होतो. कुणीतरी सुट्टीच्या दिवशी फावडं घेऊन ती वाट बांधलेली असते.

ब्रेकमधून किंकाळ्या येतायत आणि लागत नाहीयेत? दहापैकी नऊ वेळा चेनला मारलेला स्प्रे रोटरवर उडालेला असतो. चेनला थेंब-थेंब तेल घाला, स्प्रे सायकलच्या आसपास आणूच नका. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ फडक्यावर घेऊन पुसा. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर मी सरळ फेकतो. घासून बघू, भाजून बघू हे उद्योग मी सगळे केलेत, दोन राईडनंतर आवाज परत येतो. नवीन पॅड टाकल्यावर बऱ्यापैकी वेग घ्यायचा आणि चाक लॉक न करता चालण्याइतका हळू करायचा, असं वीसेक वेळा, तेव्हा कुठे ब्रेक बसतो. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात. मी दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवतो. आणि मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड किंवा उलटं कधीही घालू नका, आतले सील फुगून ब्रेकच कामातून जातो. लिव्हरवर लिहिलेलं असतं, वाचा.

बाकीच्या, पटापट

उतारावर सीट खाली घ्या. ड्रॉपर (बटण दाबून सीट खाली-वर करणारा दांडा) नसेल तर थांबून पाना लावून घ्या, एक मिनिट लागतं.

उतारावर पेडल मारत नसाल तेव्हा दोन्ही पेडल एका पातळीत ठेवा, एक पाय खाली राहिला की तोच दगडाला लागतो.

नजर चाकासमोर नको. ज्या झाडाकडे बघाल त्यालाच जाऊन धडकाल, कारण सायकल नजरेच्या मागे जाते. मोकळी जागा बघा, दहा-पंधरा मीटर पुढे.

चढ सुरू झाल्यावर गिअर बदलू नका, आधी बदला. पूर्ण जोर लावलेल्या चेनवर गिअर टाकला की कडकड आवाज येतो, तो चेनचं आयुष्य संपत असल्याचा असतो.

गिअर कालपर्यंत नीट पडत होते आणि आज उड्या मारतायत? केबलच्या स्क्रूला हात लावायच्या आधी सायकलच्या मागे उभं राहून डिरेलरचा हँगर बघा, म्हणजे चेन गिअरवर हलवणारा भाग ज्याला टांगलेला असतो तो छोटा तुकडा. सायकल उजव्या बाजूला पडली असेल तर तो आत वाकलेला असणार. मी बॅगेत नेहमी एक स्पेअर हँगर आणि चेनची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) ठेवतो, दोन्ही मिळून काडेपेटीएवढी जागा घेतात.

पेडल मारताना कुईकुई येतंय आणि सगळे म्हणतायत बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांमधलं बेअरिंग) गेलं, थांबा. आधी उभं राहून पेडल मारून बघा. आवाज बंद झाला तर तो सीट किंवा सीटपोस्टचा (सीटखालच्या दांड्याचा) आहे. पोस्ट बाहेर काढा, पुसा, फ्रेम धातूची असेल तर ग्रीस, कार्बनची असेल तर कार्बन पेस्ट लावा, परत घाला. कितीतरी जणांनी चांगलं बेअरिंग बदलून आणलंय आणि आवाज तसाच.

सस्पेन्शनचा सॅग (आपल्या वजनाने ते किती दबतं ते) न बघता निघू नका. बॅग, पाणी सगळं अंगावर घेऊन सायकलवर उभे राहा, 140 मिलिमीटरपर्यंत दबू शकणारा पुढचा फोर्क साधारण 28 मिलिमीटर दबला पाहिजे, म्हणजे वीस टक्के. मागे शॉक असेल तर बसून 25 ते 30 टक्के.

प्रेशर वॉशरने सायकल धुणं बंद करा, पाणी सीलमधून बेअरिंगमध्ये जातं. बादली आणि ब्रश पुरतो.

चिखलाचं डबकं आलं तर मधून जा. कडेकडेने गेलात की वाट रुंद होत जाते. आणि टायरचे खोल ठसे उमटतायत एवढी वाट ओली असेल तर परत फिरा, त्या दिवशी तिथे चालवायचं नाही.

मोकळ्या माळावर, शेताच्या कडेने जाताना फाटक जसं होतं तसंच ठेवा, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. गुरं मोकळी सुटली की पुढच्या वेळी ती वाटच सायकलवाल्यांना बंद होते. चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी जाऊ द्या. घोड्याच्या मागून गुपचूप जाऊ नका, लांबूनच बोला, माणसाचा आवाज ऐकला की तो बिचकत नाही. चढून येणाऱ्या सायकलवाल्याला उतरणाऱ्याने वाट द्यायची.

आणि फाटा आला की थांबा. जंगलात माणसं हरवतात ती फाट्यावर, पुढचे दोघं डावीकडे गेलेले असतात आणि मागचा एकटा उजवीकडे. आमच्याकडे ठरलेलं आहे, प्रत्येक फाट्यावर शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी हलत नाही. आणि तो आला की लगेच "चला" म्हणून निघायचं नाही, बाकीच्यांची विश्रांती झालेली असते, त्याची नाही. त्याला श्वास घेऊ द्या, पाणी पिऊ द्या, त्याच्या टायरवर एकदा नजर टाका आणि तो म्हणाला निघू या की मगच निघा.