पावसाळ्यात घरचे इंटरनेट बंद पडल्यास काय करावे: राउटरच्या दिव्यापासून ग्राहक आयोगापर्यंत

गोव्यात मृगाच्या आगेमागे गडगडाटी पाऊस सुरू झाला की थेट चवथीपर्यंत घरोघरचे इंटरनेट हवामानाच्या भरवशावर चालते. वाड्यावाड्यांत फायबरची केबल बहुतेक ठिकाणी खांबांवरून किंवा थेट झाडांवरून ओढलेली असते, आणि वाऱ्याने माडाची झावळ किंवा फणसाची फांदी कोसळली की ती तुटते किंवा ताणली जाते. ग्राहक कंपनीला फोन करतो, ‘चोवीस तासांत होईल’ हे उत्तर ऐकतो आणि वाट पाहत बसतो. माझे स्पष्ट मत असे आहे की या वाट पाहण्यातच बहुतेक तक्रारी विरून जातात. दोष घरातला आहे की बाहेरचा हे आधी स्वतः ठरवणे आणि त्यानंतरचे प्रत्येक बोलणे लेखी नोंदीत आणणे, या दोन गोष्टी पूर्णपणे ग्राहकाच्या हातात असतात.

पहिली तपासणी राउटरच्या दिव्यांची. फायबरच्या उपकरणावर ‘पॉन’ आणि ‘एलओएस’ अशी अक्षरे असलेले दोन दिवे असतात. पॉनचा हिरवा दिवा स्थिर असेल, तर घरापर्यंत फायबरमधून प्रकाश पोहोचत आहे आणि कंपनीच्या यंत्रणेने उपकरण ओळखले आहे, असे समजावे. एलओएसचा दिवा लाल होऊन लुकलुकत असेल, तर प्रकाश पोहोचतच नाही. केबल कुठेतरी तुटली आहे, जोडणीतून निसटली आहे किंवा फार वाकली आहे. फायबर म्हणजे काचेचा तंतू. तो कपाटामागे काटकोनात दुमडला गेला तरी प्रकाश गळतो. त्यामुळे भिंतीपासून राउटरपर्यंतची बारीक वायर आधी नजरेखालून घालावी आणि कुठे दबली असेल तर मोकळी करावी. तिचे टोक मात्र काढून फुंकर मारून पुन्हा बसवण्याचा प्रयोग करू नये, कारण टोकावर बसलेला धुळीचा कणही जोडणी बिघडवतो. त्या टोकात डोकावून पाहणे तर डोळ्यांना अपायकारक आहे.

दोन्ही दिवे ठीक असूनही इंटरनेट चालत नसेल, तर योजनेची मुदत संपली आहे का हे पाहावे आणि मग लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडावा. केबलवर वेग व्यवस्थित आणि वायफायवर मंद असेल, तर प्रश्न कंपनीचा नसून घराच्या बांधणीचा आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या चिऱ्यांच्या जाड भिंती वायफायच्या लहरी अडवतात, त्यातही ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या मानाने अधिक अडतात. लांबच्या खोलीत २.४ चा वापर करणे, राउटर घराच्या मध्यभागी आणि उंचावर ठेवणे किंवा लॅन केबल ओढून दुसरा राउटर बसवणे, हेच यावरचे उपाय आहेत. वेग मोजतानाही एक हिशेब लक्षात ठेवावा. योजनेतील ‘१०० एमबीपीएस’ हा आकडा मेगाबिटचा असतो, तर फाइल उतरताना संगणक बहुधा मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने सेकंदाला १२.५ मेगाबाइटच्या आसपासचा वेग म्हणजे पूर्ण वेग होय.

विजेचा विषय वेगळा आहे. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, पण राउटरचा अडॅप्टर घरच्या वीजजोडणीवर असतो आणि विजा कडाडताना येणारा झटका त्याच वाटेने उपकरण जाळतो. म्हणून गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर प्लगमधून काढून ठेवावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. वरचेवर वीज जाणाऱ्या भागात राउटरसाठी छोटा यूपीएस घेणे उपयोगाचे ठरते. तो घेताना अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर यूपीएसशी जुळतात का, हे दुकानातच पाहून घ्यावे. वाड्यावरची वीज गेली असेल, तर कंपनीच्या पेटीतील बॅटरीही काही तासांनी संपते, आणि अशा वेळी इंटरनेटच्या तक्रारीआधी वीज खात्याला १९१२ वर कळवणे अधिक फलदायी असते.

दोष बाहेरचा आहे हे नक्की झाले की तक्रार नोंदवावी. गावात दरमहा पैसे घेऊन जाणारा केबलवाला बहुतेक वेळा केवळ स्थानिक भागीदार असतो. परवानाधारक कंपनी दुसरीच असते. तिचे नाव बिलावर छापलेले असते आणि तक्रार त्या कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवली गेली पाहिजे. केबलवाल्याला जरूर फोन करावा, पुष्कळदा तोच शिडी घेऊन येतो आणि काम करून जातो, पण त्याच्या व्हॉट्सॲपवर टाकलेला निरोप ही कायद्याच्या दृष्टीने तक्रार ठरेल असे गृहीत धरू नये. तक्रारीत ‘नेट चालत नाही’ एवढेच न सांगता, ‘सकाळपासून एलओएसचा लाल दिवा आहे, शेजारच्या घरांतही तीच स्थिती आहे, देवळाजवळच्या खांबावर केबल लोंबत आहे’ असे सांगावे. असे सांगितले की राउटर बंद करून चालू करा, हा ठरलेला सल्ला टळतो आणि पहिल्याच फेरीत योग्य माणूस योग्य साहित्य घेऊन येण्याची शक्यता वाढते.

तक्रार केंद्राने तक्रार क्रमांक, म्हणजे ज्याला सगळे डॉकेट नंबर म्हणतात तो, देणे ट्राय म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तो क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नये. दिव्यांचे आणि तुटलेल्या केबलचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे. पुढे सर्वांत जास्त मनस्ताप देणारा प्रकार म्हणजे काहीच दुरुस्त न होता ‘आपली तक्रार सोडवली आहे’ असा संदेश येणे. तो पुसून टाकू नये, उलट जपावा, कारण वादात तोच पुरावा ठरतो. त्याच दिवशी कंपनीला ईमेलने कळवावे की अमुक क्रमांकाची तक्रार सोडवली गेलेली नाही, आणि सोबत त्या वेळचे दिव्यांचे छायाचित्र जोडावे.

यावरही काम झाले नाही, तर त्याच नियमांनुसार कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. याची माहिती असणारे ग्राहक माझ्या अनुभवात फारच थोडे आहेत, याची मला खंत वाटते. अपिलाला शुल्क नाही. तक्रारीचा निकाल पटला नाही किंवा ठरलेली मुदत उलटून गेली, तर ३० दिवसांच्या आत ईमेलने किंवा टपालाने अपील करता येते आणि ३९ दिवसांत त्यावर निर्णय अपेक्षित असतो. अपील प्राधिकाऱ्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असावा लागतो. तो बहुधा तळाशी लहान अक्षरांत असतो, म्हणून चिकाटीने शोधावा. दूरसंचाराच्या व्यवस्थेत गोवा महाराष्ट्राच्याच परिमंडळात मोडतो, त्यामुळे पत्ता गोव्याबाहेरचा दिसला तरी गोंधळून जाऊ नये. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. तिकडे लिहिण्यात वेळ दवडू नये.

भरपाईचा प्रश्नही याच अपिलात मांडावा. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार घरच्या जोडणीतील दोष तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर ग्राहकाला भाड्यात सूट देय ठरते. ही सूट पुढच्या बिलात दिसत नसेल, तर तक्रार क्रमांक आणि तारखांसह लेखी मागावी.

अपिलातूनही निष्पन्न झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, केंद्र सरकारचे तक्रार निवारण पोर्टल आहे आणि अखेरीस जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेचे वाद ग्राहक आयोगासमोर चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. महिन्याच्या काही शे रुपयांसाठी आयोगापर्यंत जावे का, हा प्रश्न रास्त आहे. घरून काम करणाऱ्याचे किंवा परीक्षा देणाऱ्या मुलाचे नुकसान झाले असेल, तर जावे, असे मी म्हणेन.

काही जण कंटाळून कंपनीच बदलतात. मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर आहे, पण घरच्या फायबर जोडणीला तशी सोय नाही. म्हणून नवी जोडणी घेऊन ती पावसातले काही दिवस चालवून पाहावी आणि मगच जुनी बंद करावी. नवी कंपनी निवडताना जाहिरातीपेक्षा आपल्या वाड्यावर तिची केबल कुठून येते आणि मागच्या पावसाळ्यात शेजाऱ्यांना तिचा काय अनुभव आला, हे विचारणे अधिक खात्रीचे असते. जुनी जोडणी बंद करण्याची विनंती ईमेलने द्यावी, यूपीआयवरील किंवा बँकेतील स्वयंचलित भरणा रद्द करावा, आणि राउटर परत करताना त्यावरील अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्यावी. अनामत रक्कम परत मागताना हीच पावती दाखवावी लागते.