झोपाळूपणाची प्रश्नावली मराठीत आणताना या चुका टाळा

एपवर्थ स्लीपीनेस स्केल दिसायला सोपी. ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडली; आठ प्रसंग, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज १० च्या वर गेली की दिवसा झोप जास्त येते असं धरायचं. म्हणूनच प्रबंधाच्या घाईत ती एका आठवड्यात मराठी होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उलट भाषांतर (मराठीवरून पुन्हा इंग्रजीत केलेलं) मूळ इंग्रजीशी जुळलं की काम संपलं असं मानणं. इचलकरंजीत रात्रपाळीला माग चालवणाऱ्याला विचारा, ‘गाडी ट्रॅफिकमध्ये थांबली तर डुलकी लागेल का?’ तो मोटरसायकलवाला. उत्तर शून्यच येणार. भाषांतर अचूक असूनही प्रश्न निकामी. मात्र तो परस्पर गाळू नका. सात प्रश्नांच्या बेरजेला १० ची मर्यादा लागू होत नाही. प्रसंग बदलायचा तर आधी हक्कधारकाची परवानगी घ्या आणि मर्यादा नव्याने तपासा.

म्हणून फॉर्म वाटण्याआधी थोड्या लोकांना प्रश्न त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. ‘अंग जड पडतं’ असं कोणी म्हणालं, तर तो थकवा सांगतोय, डुलकी नव्हे. ‘मी कुठं थेटरात जातोय?’ म्हणून रकाना रिकामा सोडणाऱ्याला ‘गेलात तर काय होईल?’ असं विचारायचं असतं. एक रकाना रिकामा, की त्याची बेरीज बाद. ‘दारू न घेता जेवल्यावर’ हे वाक्य बायकांसमोर संकोचानं गिळणारे मुलाखतकारही असतात. त्यांना आधीच समजवा.

झोपाळूपणाचा रोजच्या कामांवर होणारा परिणाम मोजणाऱ्या एफओएसक्यू या दुसऱ्या प्रश्नावलीमध्ये (फंक्शनल आउटकम्स ऑफ स्लीप क्वेश्चनेअर; टेरी वीव्हर, १९९७, ३० प्रश्न) खरी गडबड एक्सेलमध्ये होते. झोपेमुळे नव्हे, तर दुसऱ्याच कारणानं विचारलेलं काम न करणाऱ्यासाठी तिथं ० हा पर्याय आहे. तो सरासरीत धरला की धडधाकट माणूस आजारी दिसतो, कारण इथे कमी गुण म्हणजे जास्त त्रास. त्या शून्याला उत्तरच नाही असं समजून सरासरीतून वगळा. शरीरसंबंधांचे प्रश्न सासूबाई शेजारी बसलेल्या असताना विचारू नका, एवढं सांगायला नको.

क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नांच्या आपसातल्या सुसंगतीचा आकडा) ०.७० च्या वर आला म्हणून पेढे वाटू नयेत. प्रश्न एकमेकांशी जुळतात, एवढंच त्यातून कळतं. स्लीप अॅप्नियाचं (झोपेत श्वास अडखळण्याचा आजार) निदान झालेले रुग्ण आणि निरोगी माणसं यांचे गुण वेगळे येतात का, ते पाहा. त्याच माणसांची पुनर्चाचणी दोन आठवड्यांनी घ्या, पण मधल्या काळात सीपॅप (अॅप्नियावर झोपेत लावायचं हवेच्या दाबाचं यंत्र) सुरू झालेल्यांना किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळी बदललेल्यांना त्यात धरू नका.