व्हिटबॅरोवर चालताना पाय कुठे ठेवायचा

इंग्लंडच्या कम्ब्रियातली व्हिटबॅरो ही चुनखडीची टेकडी जेमतेम 215 मीटर उंच आहे. चढ दमवणारा नाही. इथे घात करतो तो पायाखालचा दगड.

ए 590 रस्त्यालगतच्या मिल साइड वस्तीपासून निघा. सोबत ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल 7 नकाशा ठेवा. त्यात 4 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर. झाडीतून चढून पठारावर आलं की उत्तरेकडे लॉर्ड्स सीट हा माथा. सपाटीला ताशी 5 किलोमीटर आणि दर 100 मीटर चढाईला 10 मिनिटं हा नेहमीचा हिशेब. चुनखडीवर त्याच्या दीडपट वेळ धरा. पाणी किमान दीड लिटर घ्या. पावसाचं पाणी भेगांतून थेट आत मुरतं आणि पायथ्याशी बेक हेडला झरा होऊन बाहेर पडतं, त्यामुळे वर ओढा सापडत नाही.

उघड्या खडकाच्या फरशा म्हणजे क्लिंट आणि त्यांच्यामधल्या भेगा म्हणजे ग्राइक. भेग वीतभर रुंद असली तरी मांडीपर्यंत खोल असू शकते. गवत, नेचे किंवा बर्फ यांनी ती झाकली गेली की दिसतच नाही, आणि चालीच्या वेगात पाय अडकला तर घोटा मोडतो. म्हणून शक्यतो गवतातल्या पायवाटेनेच जा. खडक ओलांडावाच लागला तर पाऊल फरशीच्या मध्यावर, पूर्ण तळवा टेकवून ठेवा. फरशी डुगडुगत नाही याची खात्री झाल्यावरच भार टाका. काठीचा पट्टा मनगटातून काढा, कारण टोक भेगेत रुतलं की काठी हात ओढून तोल घालवते. ओली चुनखडी फार निसरडी होते, त्यातही माणसांच्या पायांनी गुळगुळीत झालेली.

थांबून एखाद्या भेगेत जरूर डोकवा. सावली, ओल आणि चरणाऱ्या जनावरांपासून आडोसा मिळाल्यामुळे हार्ट्स टंग नेचाची लांब, अखंड, चकचकीत पानं तिथे वाढतात. दगड मात्र उचलू नका. तासली गेलेली फरशी पुन्हा तयार होत नाही, म्हणूनच 1981 च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण दिलं आहे.

धुक्यात कडे हा खरा धोका. दक्षिणेला व्हाइट स्कार, पश्चिमेला चॅपल हेड स्कार. दोन्हीकडे कठडा नाही. दिसेनासं झालं तर जवळची वाट शोधत बसू नका, होकायंत्र लावून आल्या वाटेनेच परता. पश्चिमेला विदरस्लॅक हॉलकडची उतरण तीव्र आहे. ती कोरड्या दिवसासाठी ठेवा.

1 मार्च ते 31 जुलै खुल्या माळावर कुत्रा 2 मीटरच्या आतल्या दोरीनेच बांधलेला हवा. घरी गेल्यावर गोचिडीसाठी गुडघ्यामागे आणि जांघेत नीट पाहा. कुणी जखमी झालं तर 999 लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, एक मिनिट थांबून पुन्हा सहा.