सेल आधी उलटा करून बघा

जुन्या कार्टून फिल्मचा सेल, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर रंगवलेलं फिल्ममधलं एक चित्र, विकत घ्यायचा असेल, तर समोरच्या गोड चेहऱ्याला भुलू नका. आधी तो उलटा करा. पारदर्शक ॲसिटेटवर रेषा पुढून आणि रंग मागून, ही खऱ्या सेलची रीत. मागून बघितलं की रंगाचे थर आणि ब्रशचे फटकारे दिसतात. काठाला पेगची, म्हणजे चित्रं एकावर एक नेमकी बसवणाऱ्या खुंट्यांची छिद्रं आणि कोपऱ्यात क्रमांक असेल तर फारच छान. स्क्रीन प्रिंटने छापलेले ‘सेरिसेल’ दिसायला देखणे, पण ते कधीच कॅमेऱ्याखाली गेलेले नसतात. त्यांना खऱ्या सेलचा भाव देऊ नका.

मी सोलापुरात चादरीची नक्षी ग्राफवर उतरवतो, म्हणून मला त्या मागच्या बाजूचं अप्रूप जास्त. किती मोजके रंग, किती सपाट! सेकंदाला २४ फ्रेम, एकच चित्र दोन-दोन फ्रेम चालवलं तरी १२ चित्रं. तीही अनेक हातांनी काढायची आणि पात्र मात्र एकच दिसायला हवं. म्हणून वर्तुळांचं शरीर, म्हणून चारच बोटं. डिस्नेच्या १९६१ च्या डाल्मेशियन कुत्र्यांवर एवढे ठिपके परवडले, कारण पेन्सिलच्या रेषा झेरॉक्सने थेट सेलवर उतरवायची सोय तोवर झाली होती.

असं पात्र स्वतः काढून बघा. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी धरणारा, बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा घातलेला मुलगा घ्या. आधी तो नुसता काळ्या शाईने भरून काढा. घेर आणि फेटा ओळखू आला तरच पुढे जा. मग बारा बंद मोजत बसू नका, छातीवरचे दोनच ठेवा. चालताना तेवढेच हलले की पोशाख जिवंत वाटतो. पांढऱ्यावर सावलीचा एकच फिकट निळा पुरे. शेवटी तोच मुलगा समोरून, बाजूने, पाठमोरा असा एका कागदावर शेजारी शेजारी काढा आणि दुसऱ्या कुणाला तरी त्यावरून काढायला द्या. त्याच्या हातून तोच मुलगा उतरला, तर डिझाइन जमलं.

आता जपणूक. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालची खोली भट्टी होते, तिथे सेल ठेवू नका. उष्णता आणि दमटपणाने ॲसिटेट कुजतं, आकसतं. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो सेल लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा. लॅमिनेशन कधीच नको. फ्रेम केलीत तर काच सेलला टेकू देऊ नका आणि उन्हाची भिंत टाळा. मागचा कागद रंगाला चिकटला असेल, तर तो ओढून काढू नका, तसाच राहू द्या. कागदाबरोबर रंगही निघून येतो.