ओएलईडीवर लिनक्स: आधी पॅनल लपवा
ओएलईडी स्क्रीनमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. काळा म्हणजे चक्क बंद. तासन्‌तास एकाच जागी ठाण मांडून बसलेला पॅनल (टास्कबारची पट्टी) आणि त्यातलं घड्याळ, हेच पुढे डाग पाडतात. म्हणून लिनक्सच्या डेस्कटॉपांपैकी मी केडीई प्लाझ्मा निवडेन. नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये वरची पट्टी लपवायला वेगळं एक्स्टेन्शन लागतं. प्लाझ्मात पॅनलवर राइट-क्लिक करून त्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो हाइड’ केलं की झालं. वॉलपेपर ‘प्लेन कलर’, निव्वळ काळा. (प्लाझ्माची ब्रीझ डार्क थीम नावालाच डार्क, खरी करडीच!) स्क्रीन ५ मिनिटांत बंद होऊ द्या. आणि अक्षरांच्या कडेला हिरवी-गुलाबी झाक दिसली तर घाबरू नका. बऱ्याच ओएलईडींत सबपिक्सेलची (पिक्सेलमधल्या रंगीत ठिपक्यांची) मांडणी वेगळी असते; फॉन्ट सेटिंगमध्ये सबपिक्सेल रेंडरिंग ‘नन’ करून बघा.