पिटकेर्न बेटावर उतरताना

दक्षिण प्रशांत महासागरातल्या पिटकेर्न या छोट्या बेटावर विमानतळ नाही आणि मोठं जहाज लागेल असा धक्काही नाही. जहाज बाहेरच थांबतं आणि बेटावरचे लोक लाँगबोट (लांबट उघडी होडी) घेऊन येतात. समुद्र उसळलेला असेल तर उतरणं रद्द होतं, आणि हे वरचेवर घडतं. तेव्हा बेटकरीच जहाजावर येऊन मिरो या झाडाच्या लाकडाच्या कोरीव वस्तू, मध, टपाल तिकिटं विकतात. न्यूझीलंड डॉलरच्या छोट्या नोटा आधीच जवळ ठेवा.

बोटीत उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून सामान पाठीवरच्या सॅकमध्ये, कॅमेरा जलरोधक पिशवीत. लाटेने बोट वर येते त्या क्षणी पाऊल टाका. खाली जाताना टाकलं तर पाय मुरगळतो. खलाशाचा पंजा नव्हे, मनगट पकडा. मळमळीची गोळी तासभर आधी घ्या.

मध, ताजी फळं, बिया बेटावर नेऊ नका. इथल्या मधमाश्या रोगमुक्त आहेत, त्या तशाच राहायला हव्यात! बुटांचे तळ आदल्या रात्रीच घासून धुवा.

बोट लागते त्या बाउंटी बे या खाडीपासून अ‍ॅडम्सटाउन या बेटावरच्या वस्तीपर्यंतचा चढ उभा आहे. पकड असलेले बूट घाला, पाणी घ्या. परतीच्या बोटीच्या वेळेआधीच खाली या. वारा फिरला की ती वेळ अलीकडे येते.